ज्यांनी आधी ऐकलं, त्यांना गाऊ द्या

कॅनडाच्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये अर्थसंकल्प मांडला. संरक्षण, घरबांधणी, अमेरिकेशी चाललेली व्यापारी ओढाताण या सगळ्या गर्दीत त्यात गाण्याबद्दलही उल्लेख होता. युरोपातले देश दरवर्षी एकेक गाणं पाठवतात त्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत भाग घेता येईल का, याची चाचपणी सरकार सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेसोबत करत आहे, एवढाच. एका देशाच्या जमाखर्चात गीतस्पर्धेचं नाव यावं याचं मला अप्रूप वाटलं, आणि थोडी धास्तीही वाटली. चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडले. ‘युरोपच्या स्पर्धेत कॅनडाचं काय काम?’ असं म्हणणारे एकीकडे, ‘ऑस्ट्रेलिया चालतो तर कॅनडा का नको?’ असं विचारणारे दुसरीकडे.

मी ही स्पर्धा वर्षानुवर्षं बघत आले आहे, आणि बघते ती तिच्या नकाशाबाहेरून. अंतिम फेरी सुरू होते तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. निकाल लागेपर्यंत उजाडायला फारसा वेळ उरलेला नसतो. २०२३पासून मलाही मत देता येतं. स्पर्धेत नसलेल्या साऱ्या जगाची ऑनलाइन मतं एकत्र करून त्यांना एका देशाइतकं वजन देतात. त्यामुळे आत कोणाला घ्यायचं हा वाद माझ्यासाठी दूरचा नाही. माझं मत सरळ आहे: बाहेरच्यांना घ्यावं. मात्र कोणाला घ्यावं, कशाच्या बळावर घ्यावं आणि आल्यावर त्यांना कोणता नियम लावावा, याबाबत मी बरीच कडक आहे.

मुळात ही ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ रेघ कोणी काढली ते पाहायला हवं. युरोपातल्या प्रसारण संस्थांचा संघ, ईबीयू, १९५०मध्ये स्थापन झाला. युद्धाने मोडलेल्या खंडातले देश एकच कार्यक्रम एकाच वेळी थेट दाखवू शकतात का, हे त्या संघाला तारांवरून आणि मनोऱ्यांवरून करून पाहायचं होतं. इटलीत सानरेमोचा गीतमहोत्सव चालू होता, त्याचा नमुना समोर होता. २४ मे १९५६ला स्वित्झर्लंडच्या लुगानो गावात ७ देश जमले, प्रत्येकाने २ गाणी आणली, आणि यजमान स्वित्झर्लंडची लिस आसिया जिंकली. कोण येऊ शकतं याचं उत्तर तेव्हाही भूगोलाच्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते आलं होतं प्रसारणाच्या नकाशातून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘युरोपीय प्रसारण क्षेत्र’ आखलेलं आहे. पूर्वेला ४० अंश पूर्व रेखावृत्त, दक्षिणेला ३० अंश उत्तर अक्षवृत्त, आणि भूमध्य समुद्राच्या काठचे देश त्यात धरलेले. मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त, लेबनॉन हे सगळे या रेघेच्या आत येतात. आर्मेनिया, जॉर्जिया आणि अझरबैजान पलीकडे राहत होते, तर २००७मध्ये रेघच पुढे सरकवली.

म्हणून ‘इस्रायल कुठे युरोपात आहे?’ हा दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न नियमापुरता तरी गैरलागू आहे. इस्रायल १९७३पासून गातो आहे तो तिथल्या प्रसारण संस्थेच्या सभासदत्वावर. त्याच्या असण्यावरून आज जे वादळ उठलं आहे, २०२६च्या स्पर्धेतून स्पेन, नेदरलँड्स, आयर्लंड, स्लोव्हेनिया आणि आइसलँड बाहेर पडले, ते युद्धावरून आहे, अक्षांश-रेखांशांवरून नाही. त्या वादावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. इथे मला एवढंच म्हणायचं आहे की या स्पर्धेची हद्द तारांची होती, आणि ज्याच्यापर्यंत तार पोचते तो शेजारी, हा तिचा जुना हिशेब होता. आज तार सगळीकडेच पोचते. मग हद्द कशाने ठरवायची, हा खरा प्रश्न आहे.

मोरोक्कोची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. १९७९ची स्पर्धा जेरुसलेममध्ये झाली आणि इस्रायल सलग दुसऱ्यांदा जिंकला. पुढच्या वर्षीचंही यजमानपद पेलायला तो तयार नव्हता, म्हणून स्पर्धा नेदरलँड्सच्या हेगला गेली. १९ एप्रिल १९८० ही तारीख ठरली. ती इस्रायलच्या स्मृतिदिनावर आली, त्यामुळे गतविजेता देशच त्या वर्षी उतरला नाही. आणि त्याच वर्षी मोरोक्को आला. २२ वर्षांची समिरा बेनसईद अरबीत गायली. त्या मंचावर अरबी पहिल्यांदाच ऐकू आली. गाणं शांततेचं, जगातल्या मुलांना साद घालणारं होतं. तिचा आवाज तेव्हाही पक्का होता. पुढे कैरोला जाऊन ती अरब जगातली फार मोठी गायिका झाली. हेगमध्ये मात्र तिला एकूण ७ गुण मिळाले, तेही सगळे एकट्या इटलीकडून. १९ देशांत १८वा क्रमांक. मोरोक्को परत कधी आला नाही.

त्या ७ गुणांचं मला वाईट वाटतं, पण त्याहून वाईट वाटतं ते त्या एकाच वर्षाचं. मोरोक्कोला हक्क होता, सभासदत्व होतं, उत्तम गायिका होती. नव्हतं ते मागचं-पुढचं काही. आधी कधी भाग घेतलेला नाही, नंतरच्या वर्षांसाठी थांबण्याची तयारी नाही. आणि इकडे १५-२० परीक्षक मंडळांच्या कानांना त्या सुरावटींची सवय नाही. अशी सवय पहिल्या ३ मिनिटांत लागत नाही. ती लागायला पाचव्यांदा, सहाव्यांदा त्याच दिशेने आवाज यावा लागतो. ट्युनिशियाने १९७७मध्ये नाव देऊन माघार घेतली होती. लेबनॉनचं २००५मध्ये गाणं ठरलं, गायिका ठरली, पण इस्रायलचं गाणं आपल्या पडद्यावर दाखवण्याची हमी देता येईना म्हणून सारं बारगळलं. लेबनॉनचा तो निर्णय तिथल्या कायद्यातून आणि इतिहासातून आलेला होता, त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरी स्पर्धेचा नियमही मला योग्य वाटतो. आपलं गाणं सगळ्यांनी ऐकावं असं वाटत असेल, तर आपणही सगळ्यांचं ऐकायला बसलं पाहिजे. पाहुण्यासाठी माझी पहिली अट यातूनच आली: आधी ऐकायचं.

ही अट ऑस्ट्रेलियाने कोणी न सांगता पाळली. म्हणून तो मला परका वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, माल्टा, युगोस्लाव्हिया इथून लाखो माणसं ऑस्ट्रेलियात जाऊन राहिली. त्यांच्यासाठी, त्यांच्या भाषांमधून कार्यक्रम दाखवायला एसबीएस ही सार्वजनिक वाहिनी १९८०मध्ये सुरू झाली. १९८३पासून ती युरोव्हिजन दाखवू लागली. आपण सोडून आलेल्या देशाने यंदा कोणतं गाणं पाठवलं, हे बघायला आईवडील बसायचे, आणि त्यांच्याबरोबर मुलं. त्या मुलांना पुढे शेजारच्या घरातल्या देशाचंही गाणं आवडू लागलं. युरोपात शनिवारी रात्री ९ला अंतिम फेरी सुरू होते तेव्हा सिडनीत रविवारी पहाटेचे ५ वाजलेले असतात. तिथल्या लोकांनी पहाटे उठून, गजर लावून, मित्रमंडळी जमवून ही स्पर्धा बघितली, आणि तीही त्यात आपला देश नसताना. २०१५ला त्यांना बोलावणं आलं तेव्हा १९८३पासूनची तीन दशकं उलटली होती. एखादा देश तीन दशकं दुसऱ्यांची गाणी ऐकतो, त्यांच्या भांडणांची, लाडांची, कोण कोणाला १२ म्हणजे सर्वाधिक गुण देतो याची खडान्‌खडा माहिती ठेवतो, तेव्हा त्याला आत घेण्यात मेहेरबानी कसली?

बोलावणंही टप्प्याटप्प्याने आलं, हे मला आवडतं. २०१४ला कोपनहेगनच्या दुसऱ्या उपांत्य फेरीत जेसिका मॉबॉय स्पर्धेबाहेरची पाहुणी म्हणून गायली. २०१५ला, साठाव्या स्पर्धेच्या निमित्ताने, व्हिएन्नामध्ये गाय सबॅस्टियनला थेट अंतिम फेरीत जागा दिली आणि तो पाचवा आला. जिंकला तर काय करायचं तेही आधीच ठरलं होतं: पुढची स्पर्धा युरोपातल्याच एखाद्या शहरात होईल, यजमानपद एसबीएस आणि तिथली वाहिनी मिळून सांभाळतील. खंड ओलांडून स्पर्धा दुसरीकडे नेण्याचा हक्क पाहुण्याला नाही. या अटीत कोणाचा अपमान आहे असं मला वाटत नाही. त्या थेट जागेबद्दल मात्र मी नाराज होते. ज्या देशांना उपांत्य फेरीत घाम गाळावा लागतो, त्यांच्या डोक्यावरून पाहुण्याला आत नेणं बरं नव्हतं. २०१६पासून ती सवलत काढून घेतली, हे फार चांगलं झालं.

२०१६च्या स्टॉकहोमबद्दल मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण या वादातला प्रत्येक मुद्दा त्या रात्री पडद्यावर घडून गेला.

डॅमी इम ही कोरियात जन्मलेली, ९ वर्षांची असताना ऑस्ट्रेलियात आलेली गायिका. चमचमत्या पोशाखात ती एका उंच, लखलखत्या चौथऱ्यावर बसून होती आणि निम्मं गाणं तिने बसूनच म्हटलं. हाताने हवेत प्रकाशाची चित्रं सरकवत होती, पण लक्ष तिकडे जात नव्हतं, कारण आवाज खालच्या पट्टीतून वर चढताना एकदाही हलला नाही. मतमोजणीची पद्धत त्या वर्षी नवी होती. आधी प्रत्येक देशाच्या परीक्षक मंडळाचे गुण, मग सगळ्या देशांतल्या प्रेक्षकांचे गुण एकत्र करून, सगळ्यात कमी मिळालेल्यापासून चढत्या क्रमाने. परीक्षकांचे गुण संपले तेव्हा ऑस्ट्रेलिया ३२०वर होता आणि दुसऱ्या क्रमांकावरचा युक्रेन २११वर. इतकी मोठी आघाडी. मी अंथरुणावर ताठ बसले होते.

मग प्रेक्षकांचे गुण येऊ लागले. ऑस्ट्रेलियाला १९१. बेरीज ५११. पोलंडला परीक्षकांनी अवघे ७ गुण दिले होते, त्याला प्रेक्षकांनी २२२ दिले. उरले दोनच देश, युक्रेन आणि रशिया. युक्रेनची जमाला गायली होती ती १९४४मध्ये क्रिमियातल्या तातारांना स्टालिनच्या राजवटीने घरादारांतून उपटून हद्दपार केलं, त्या आठवणीचं गाणं. तिच्या पणजीने ते भोगलेलं. क्रिमिया रशियाने दोनच वर्षांपूर्वी घेतला होता. युक्रेनला ३२३ आले, बेरीज ५३४. रशियाला पुढे जायला ४०५ हवे होते, मिळाले ३६१. जिंकला युक्रेन. ऑस्ट्रेलिया दुसरा, रशिया तिसरा.

गाणं म्हणून मला डॅमी इमचं जास्त आवडलं होतं, आजही आवडतं. पण त्या निकालाने माझ्या मनातली एक भीती गेली. लोक म्हणायचे, बाहेरचे आले की स्पर्धा आपल्याबद्दल बोलणं विसरेल, गुळगुळीत होईल, कुठल्याही देशाची कुठेही चालेल अशी होईल. प्रत्यक्षात पाहुणीने सगळ्यात सुरेख गायलं, परीक्षकांनी तिला मनापासून गुण दिले, आणि तरीही त्या खंडाने आपल्या जुन्या जखमेबद्दलचं गाणं उचलून धरलं. क्रिमियातल्या तातारांची भाषा त्या रात्री कोट्यवधी घरांत ऐकू गेली. पाहुणीमुळे त्यात काही उणं आलं नाही.

आता दुसरी बाजू. ती मला दुबळी वाटत नाही, आणि तिला ‘संकुचित’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही.

अंतिम फेरीत जास्तीत जास्त २६-२७ गाणी मावतात. प्रत्येक उपांत्य फेरीतून १० देश पुढे जातात. ऑस्ट्रेलिया त्या दहांत आला की अकराव्या क्रमांकावरचा एक देश घरी जातो, आणि तो बहुतेक वेळा लहान असतो. त्या देशासाठी ही वर्षातली एकमेव रात्र असते जेव्हा सारा खंड त्याच्या भाषेतली ३ मिनिटं मुकाट्याने ऐकतो. ती रात्र हिरावून घेणं ही लहान गोष्ट नाही.

त्यातून पैशाचा प्रश्न आहे. अंडोरा २००९नंतर आला नाही, स्लोव्हाकिया २०१२नंतर नाही. आणि बॉस्निया. १९९३मध्ये सारायेव्होला वेढा पडलेला असताना तिथल्या कलाकारांचं पथक गोळीबारातून विमानतळाची धावपट्टी पळत ओलांडून बाहेर पडलं आणि आयर्लंडच्या मिलस्ट्रीट गावात येऊन गायलं. मतमोजणीच्या वेळी सारायेव्होला फोन लागला. खरखर, तुटक आवाज, आणि त्यातून ‘हॅलो’ ऐकू आलं, तर प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. ती चित्रफीत मी कितीदा बघितली असेल. गुण कोणाला दिले यात कोणाला रस नव्हता. पलीकडून माणूस बोलतो आहे, एवढंच पुरे होतं. हा बॉस्निया २०१६नंतर स्पर्धेत आलेला नाही, कारण त्याच्या प्रसारण संस्थेवर कर्ज आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा श्रीमंत देश पंगतीला बसलेला आणि घरातलंच माणूस ताट परवडत नाही म्हणून बाहेर उभं, हे मला खरोखर बोचतं.

कोसोव्होचं दुखणं वेगळं. २००८मध्ये त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. पण तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात नाही आणि युरोप परिषदेतही नाही, आणि या दोन्हींत नसलेल्या देशाच्या वाहिनीला ईबीयूचं पूर्ण सभासदत्व मिळत नाही. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांना स्वतःचं गाणं पाठवता येत नाही. २०२३मध्ये तिथला रायली हा तरुण डेन्मार्कच्या नावाने उतरला. युरोपच्या ऐन मध्यावर बसलेल्यांना दार बंद आणि १५ हजार किलोमीटरवरून येणाऱ्याला उघडं, असं चित्र कोणी माझ्यासमोर ठेवलं तर माझ्याकडे बचाव नाही. माझं म्हणणं एवढंच की याचा दोष ऑस्ट्रेलियाचा नाही. ईबीयूने एका पाहुण्यासाठी नियमाला मुरड घातली, तर ती शेजाऱ्यांसाठीही घालता येते. आधी घालायला हवी होती.

यावर माझा एक प्रस्ताव आहे, आणि तो मी गंभीरपणे मांडते. पूर्ण सभासद नसलेल्या पाहुण्या देशाने सहभागाचं शुल्क भरावंच, शिवाय पैशाअभावी गळलेल्या एका देशाच्या येण्याचा खर्चही उचलावा. ऑस्ट्रेलियाच्या शेजारी बॉस्निया उभा असेल तर त्या जागेबद्दल तक्रार करायला फार कमी लोक उरतील.

आणखी एक गोष्ट या वादात विसरली जाते. बाहेरची माणसं या मंचावर कायमच होती. त्यांच्या हातात दुसऱ्यांचे झेंडे होते, इतकंच. १९७४मध्ये ब्रिटनसाठी गायलेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन ऑस्ट्रेलियात वाढलेली होती. १९९७मध्ये ब्रिटनला जिंकून देणारी कॅट्रिना अमेरिकन. २००१मध्ये एस्टोनियासाठी जिंकलेल्यांपैकी डेव्ह बेंटन अरुबा बेटावर जन्मलेला. २०२१मध्ये सान मरिनोसारख्या चिमुकल्या देशाच्या गाण्यात फ्लो रायडा हा अमेरिकन रॅपर येऊन गेला. आणि कॅनडाचंच म्हणाल तर ३० एप्रिल १९८८ला डब्लिनमध्ये स्वित्झर्लंडसाठी गाऊन जिंकली ती क्वेबेकची सेलीन डिऑन. शेवटच्या युगोस्लाव्हियाच्या मंडळाचे गुण यायचे होते तेव्हा ब्रिटन ५ गुणांनी पुढे होता. युगोस्लाव्हियाने स्वित्झर्लंडला ६ दिले, ब्रिटनला काहीच नाही. १३७ विरुद्ध १३६. कॅनडाचा आवाज युरोपने तेव्हाच स्वीकारला होता. एक देश दुसऱ्या खंडातून गायक आणतो तेव्हा कोणी हरकत घेत नाही, आणि तोच गायक आपल्या देशाच्या नावाने उभा राहिला तर घेतात, यात मला न्याय दिसत नाही. उलट दुसरा प्रकार अधिक प्रामाणिक आहे.

मग सगळं जगच का बोलावू नये? हा प्रश्न उत्साहाने विचारला जातो आणि माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

२० सप्टेंबर २०२५ला मॉस्कोत इंटरव्हिजन झाली. या नावाची स्पर्धा १९७७ ते १९८० या काळात पोलंडच्या सोपोटमध्ये होत असे. २०२२मध्ये युरोव्हिजनमधून बाहेर काढलेल्या रशियाने ती नव्याने उभी केली. २३ देशांची नावं होती: ब्राझील, क्युबा, केनिया, इथिओपिया, मादागास्कर, कतार, चीन, आणि भारतही. अमेरिकेच्या नावाने गाणारी गायिका ऐन वेळी उतरली नाही. व्हिएतनामचा डुक फुक जिंकला. त्याचं गाणं ऐकण्यासारखं होतं, आणखीही दोन-तीन गाणी मला आवडली. माझ्या देशाचा गायक मंचावर होता, तरी मला त्या रात्री ओढ वाटली नाही. ती का वाटली नाही याचा मी नंतर बराच विचार केला. हे देश एकमेकांचं काही लागत नव्हते. कोणी कोणाला वर्षानुवर्षं ऐकलेलं नव्हतं. सरकारांच्या आमंत्रणावरून सगळे आलेले. सगळेच पाहुणे, घरचं कोणी नाही. युरोव्हिजनमध्ये सायप्रसने ग्रीसला १२ गुण दिले की प्रेक्षागृहात हशा उठतो, चिडलेली ओरड होते, कारण ते दरवर्षीचं आहे आणि त्यामागे एक इतिहास आहे. मॉस्कोत कोणी कोणाला गुण दिले तरी त्याला मागचा धागा नव्हता.

अमेरिकेने २०२२मध्ये आपल्या ५० राज्यांची, ५ प्रदेशांची आणि राजधानीची मिळून अशीच स्पर्धा करून पाहिली. ती एका हंगामात आटोपली. उलट स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांची ओटीआय स्पर्धा १९७२ला माद्रिदमध्ये सुरू झाली आणि २०००पर्यंत टिकली. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे देश त्यात होते, पण ते एकमेकांची गाणी आधीपासूनच ऐकत होते. माझ्या मते प्रदेश असा बनतो. सलग जमीन असली तर ठीक, नसली तरी चालतं. एकमेकांचं कानावर असणं लागतं.

ऑस्ट्रेलियाबद्दल शेवटचा मुद्दा, हरण्याचा. २०२१मध्ये साथीमुळे मोंतेन ही गायिका रॉटरडॅमला जाऊ शकली नाही, मायदेशी ध्वनिचित्रमुद्रित केलेलं तिचं गाणं दाखवलं गेलं, आणि देश पहिल्यांदाच उपांत्य फेरीत बाद झाला. त्यानंतर ‘आता हे येणार नाहीत’ असं बोललं गेलं. ते आले. २०२४मध्ये माल्मोला इलेक्ट्रिक फील्ड्स ही जोडी आली. गाण्यात यांकुनित्जत्जारा या आदिवासी भाषेचे शब्द होते, मंचावर यिडाकी या तिथल्या लांब लाकडी फुंकवाद्याचा घुमारा होता. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची भाषा या स्पर्धेत तोवर कधी आलेली नव्हती. झाकारायाह फील्डिंगचा आवाज त्या शब्दांवर येताच बदलायचा, रुंद व्हायचा. इंग्रजी ओळींवर तो इतका मोकळा नव्हता. ते बाद झाले. २०२५लाही देश बाद झाला. दोन्ही वेळा मला हळहळ वाटली, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की आता हा देश खऱ्या अर्थाने स्पर्धेतला झाला. बोलावलं म्हणून आला, हरला, पुन्हा आला. मोरोक्कोच्या बाबतीत हेच घडू शकलं नाही.

म्हणून कॅनडाच्या अर्थसंकल्पातल्या त्या उल्लेखाने मला आधी धास्ती वाटली. ऑस्ट्रेलियाची मागणी प्रेक्षकांमधून वर आली होती; इथे ती मंत्रालयातून खाली येते आहे. अमेरिकेशी बिनसलं म्हणून युरोपशी जवळीक दाखवायची, त्यासाठी एक गाणं पाठवायचं, असा हेतू असेल तर तो तीन-चार वर्षांत आटेल. सरकार बदलेल, ते पैसे दुसरीकडे वळतील, आणि १९८०सारखी आणखी एक गायिका एकाच वर्षाची मानकरी होऊन परत जाईल. सीबीसी ईबीयूची सहयोगी सभासद आहे, म्हणजे कागदोपत्री अडचण फार नाही. कागद पुरेसा नाही, असं माझं म्हणणं आहे.

कॅनडात इटालियन, युक्रेनियन, पोर्तुगीज, ग्रीक घरं कमी नाहीत, क्वेबेकला फ्रेंच गाण्याची मोठी परंपरा आहे. म्हणजे ऐकणारे आहेत. त्यांच्यासाठी सीबीसीने आधी काही वर्षं दोन्ही उपांत्य फेऱ्या आणि अंतिम फेरी मुख्य वाहिनीवर, स्वतःच्या निवेदकांसह, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये दाखवाव्यात. तिकडे अंतिम फेरी शनिवारी दुपारी पडते, गजर लावायचीही गरज नाही. लोक बघतात का, भांडतात का, आवडत्या गाण्यासाठी मत देतात का, ते दिसू द्या. ते दिसलं की मी त्यांच्या बाजूने वाद घालेन. गाणं फ्रेंच असलं तर उत्तम, पण फ्रेंच त्या मंचावर कधीच कमी नव्हती. इनुइट लोकांच्या भाषेतलं गाणं त्यांनी पाठवलं तर ते ऐकायला मी मध्यरात्री नक्की जागी असेन. आणि पहिलं वर्ष म्हणून अंतिम फेरीत थेट जागा त्यांना देऊ नये. मंगळवारच्या नाहीतर गुरुवारच्या उपांत्य फेरीत सगळ्यांबरोबर उभं राहावं, पहिल्या दहांत यावं, नाही आलं तर पुढच्या वर्षी नवं गाणं घेऊन यावं.